मण्यात मुरलेली तहान

मुलं आईच्या डोळ्यांत धूळ फेकतात. माझ्या प्रफुल्लने माझ्या डोळ्यात काचेचा मणी घातला, तोही मला विचारून. खसखशीच्या दाण्याएवढा. बुबुळाच्या पार मागे, डोळ्याच्या पोटात तो अडकून बसला आहे. तो मला दिसत नाही, टोचत नाही. पण सगळं जाणतो, आणि विचारलं की सांगतो. असला पाहुणा माणसाने घरातही ठेवू नये, पण मुलाचं कौतुक आडवं आलं.

मी नलिनी धर्माळे, अमरावतीची. उभी हयात बसवर कंडक्टरकी केली. आता बसला कंडक्टर नसतो आणि ड्रायव्हरही नसतो, गाडी आपली आपण मेळघाट चढते. माझ्या काळी बाई तिकिटं फाडते म्हटलं की लोक वाकून बघायचे. त्या नोकरीने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, गर्दीच्या वर आवाज काढायला. दुसरी, तहान दाबायला. वाटेत बाईमाणसाची सोय कुठे असायची? ड्युटीवर निघालं की ओठ ओले करण्यापुरतं पाणी, बाकीचं घरी गेल्यावर. आम्ही सगळ्याच जणी तसं करायचो आणि त्यात काही विशेष आहे असं कोणालाच वाटायचं नाही.

मण्याचं शास्त्र प्रफुल्लने मला ओट्यापाशी उभं राहून समजावलं होतं. मी कैरीच्या फोडींना मीठ लावत होते. तो डोळ्यांच्या संशोधन संस्थेत काम करतो, पण समजावून सांगायचं असलं की अजून माझ्याजवळच येतो.

"आई, वाळूच्या खड्यात कण कसे रांगेत असतात, शाळेच्या प्रार्थनेसारखे. काच त्याच वाळूची, पण तिच्यात रांग नाही. तुझ्या गाडीतल्या गर्दीसारखे, जसे चेंगरले तसेच थिजले. म्हणून मधे मधे फटी राहतात. मी काच भट्टीत वितळवत नाही, द्रवातून जमवतो. मग फटी पाहिजे तेवढ्या ठेवता येतात. साखर, मीठ, युरिया, असे बारके रेणू आत शिरतात. मोठे बाहेरच राहतात."

"आणि ते डोळ्यात येतात कुठून?"

"रक्तातून. डोळ्याच्या आत पारदर्शक जेली असते. काचाभ म्हणतात तिला, काचेसारखी म्हणून. जवळजवळ सगळं पाणीच, पण बारीक धाग्यांच्या जाळीने धरलेलं. तिथे ओघ नाही, प्रवाह नाही. रेणू शिरतो तो धक्के खात, वाट चुकत, हळूहळू पसरतो. जेलीतून मण्यात शिरतो, तिथे आणखी हळू."

"म्हणजे मुरतो," मी म्हटलं.

तो हसला. "मुरतोच."

मग त्याने बरणीतली एक जुनी मुरलेली फोड सुरीने कापून दाखवली. कडेला लाल, आत फिकट. मणीही तसाच. त्याच्या कडेला मागच्या आठवड्यांतलं साठलेलं असतं, गाभ्यात मागच्या महिन्यांतलं. डोळ्यावर विशिष्ट प्रकाश टाकला की थर थर वाचता येतात. जुनं जरा पुसट, कारण आतल्या आतही ते पसरत राहतं. आणि बाहेरचं मीठ कमी झालं की मण्यातलं मीठ परत बाहेर यायला लागतं, खारवलेली कैरी पाण्यात टाकावी तसं. मणी विसरतो, पण विसरायला महिने घेतो.

मणी मुळात निघाला तो आमच्यासारख्या साखरेच्या रोग्यांसाठी. पण प्रफुल्लच्या लक्षात आलं की माणूस आठवडेच्या आठवडे कमी पाणी प्यायला तर मीठ आणि युरिया चढतात, आणि ते मण्यात उमटतं. एका दिवसाची तहान उमटत नाही. रोजची उमटते. मूत्रपिंड बिघडलं तरी युरिया चढतो, म्हणून रक्त तपासून ती शंका आधी काढून टाकायची. मग राहते ती निव्वळ तहान.

आमच्याकडचे उन्हाळे आता असे झालेत की घरात बसलेला म्हातारा माणूस पाण्यावाचून दोन दिवसांत आडवा होतो. तेव्हा शहरात ज्येष्ठांसाठी एक कक्ष निघाला आणि म्हाताऱ्यांना मणी बसवून, ते वाचून कोणाच्या घरी म्हाताऱ्यांची आबाळ होते ते शोधायला लागला. प्रफुल्लचे सत्कार झाले. तो भाषणात म्हणायचा, "माणूस भीतीपोटी खोटं बोलतो. डोळा खोटं बोलत नाही." लोकांना ते वाक्य फार आवडलं.

पहिली सापडली ती आमच्या मागच्या गल्लीतली काळमेघबाईंची सून, वैशाली. काळमेघबाईंच्या मण्यात तहान निघाली. कक्षाची माणसं घरी आली, चारचौघांत विचारपूस झाली. काळमेघबाई जमिनीकडे बघत बसल्या, बोलल्या काहीच नाहीत. आम्ही म्हटलं, बिचारी सुनेच्या धाकात आहे. वैशालीच्या नवऱ्याने तिला लेकरासकट परतवाड्याला माहेरी धाडलं. मीही त्या दिवशी तोंडाला पदर लावून म्हटलं होतं, "काय बाई एकेक." त्यानंतर कॉलनीतल्या सुना सासूच्या मागे पेले घेऊन फिरायला लागल्या. आम्हा म्हाताऱ्यांना बरीच गंमत वाटली.

मग मी पडले. होळीच्या सुमाराला, न्हाणीघरातच. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. आधाराशिवाय पाऊल टाकता येईना. उचलून नेणारी यंत्रं आता मिळतात, पण ती आमच्या न्हाणीघराच्या दारातून जाईनात. भाग्यश्री, माझी सून, सकाळी शाळेत शिकवायला जाते ती चार वाजता येते. तिने पहिल्याच दिवशी सुचवलं, "एखादी बाई ठेवू या आईंसाठी. त्यांनाही बरं पडेल."

प्रफुल्लने ऐकून घेतलं नाही. "आईसाठी बाई ठेवायची? लोक काय म्हणतील? माझी आई आहे, मी करणार. मी घरूनच काम करून राहिलो ना आता."

त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. हाक मारली की धावत यायचा. बगलेत हात घालून उठवायचा, सांभाळून न्यायचा, बसवायचा, लुगडं सावरायचा आणि डोळे गच्च मिटून, भिंतीला टेकून उभा राहायचा. मला एकटं सोडायची त्याला भीती वाटायची. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघायची आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्याचे लंगोट मी धुतले त्याच्यापुढे अशी बसले होते. त्याचा चेहरा लाल झालेला असायचा. तो कधी कंटाळला नाही, एक शब्द वाकडा बोलला नाही. कंटाळला असता तर मला सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावता तरी आले असते.

तेव्हा मी जुनी युक्ती काढली. ओठ ओले करण्यापुरतं पाणी. भाग्यश्री सकाळी जाताना माझ्या खाटेजवळ भरलेला जग ठेवायची आणि आल्यावर आधी तो बघायची. जग रिकामा असला की तिला बरं वाटायचं. मी तो खाटेलगतच्या खिडकीतल्या मनीप्लांटला घालत होते. भर उन्हाळ्यात तो वेल गजांवरून पार छतापर्यंत गेला. "आई, यालाच कसा काय बहर आला यंदा?" ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, माझा हात लागतो ना त्याला.

डोकं गरगरायचं. लघवीला जळजळ व्हायची. दोनदा बारीक ताप आला. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, भरपूर पाणी प्या.

मण्याचा मात्र मला विसर पडला होता. आठवण झाली ती ज्येष्ठ नागरिक संघाच्या मेळाव्याचं ठरलं तेव्हा. प्रफुल्लला तिथे मणी कसा वाचतात ते दाखवायचं होतं. "दुसऱ्या कोणाचा कशाला, माझ्या आईचाच वाचतो," तो म्हणाला. "तुझं रक्त मी मागच्याच आठवड्यात तपासलं, मूत्रपिंडं उत्तम आहेत. सरळ मण्यावरच येता येईल." मी आदल्या दिवशी पेल्यामागून पेले पाणी प्यायले. फोडीवरचा मसाला धुतला म्हणून लोणचं अळणी होत नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं. तरी प्यायले. अंग दुखतं, येत नाही, असंही म्हणून पाहिलं. पण तो मला खुर्चीसकट गाडीत घालून घेऊन गेला.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत काळमेघबाई. भाग्यश्री बाजूला उभी, नवी साडी नेसून. मी यंत्राच्या पट्टीवर कपाळ टेकवलं, डोळ्यात हिरवा उजेड शिरला आणि मागच्या पडद्यावर रेघ निघायला लागली. मला ती दिसत नव्हती. सभागृह गप्प होत गेलं, तेवढं ऐकू आलं.

"ही रेघ..." प्रफुल्ल म्हणाला आणि थांबला.

मी मान वळवून पाहिलं. रेघ गाभ्याकडे सपाट होती, आणि माझं हाड मोडलं त्या सुमारापासून चढत कडेपर्यंत आली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "घरचीच केस का हो?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

प्रफुल्लचा चेहरा उतरला होता. त्याने भाग्यश्रीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तो माइकमध्ये म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. माझ्या घरालाही. इथेही चौकशी होईल." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांत सगळ्या माना भाग्यश्रीकडे वळल्या. ती पोर नवी साडी नेसून तिथेच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

माइक माझ्या हाताच्या अंतरावर होता. साऱ्या जन्मात आवाज हे माझं भांडवल. शंभर माणसांच्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज. तो मी गिळून बसले. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी न्हाणीघरातही कधी वाटली नव्हती.

घरी आलो. प्रफुल्लने मला खाटेवर बसवलं, पाय वर घेतले, पांघरूण नीट केलं आणि मग तिथेच वळून बायकोला विचारलं, "तू आईला पाणी देऊन राहिली का नाही?"

"मी रोज जग भरून ठेवते. आल्यावर रिकामा असतो. मला एवढंच माहीत आहे."

"मग हे कुठून आलं?"

"मला काय माहीत. तू दिवसभर घरी असतो, मी नाही."

"मी आईचं सगळं करतो, भाग्यश्री. सगळं. तुला फक्त पाण्याचं बघायचं होतं. आणि डोळा खोटं बोलत नाही."

ती वळली. आतल्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार वाजलं. त्या आवाजाने मला वैशाली आठवली, रिक्षात लेकराला मांडीवर घेऊन बसलेली.

"प्रफुल्ल," मी म्हटलं, "डोळा खोटं बोलत नाही. पण अर्धंच बोलतो. तहान होती एवढं सांगतो, का होती ते सांगत नाही. पाणी तिने रोज दिलं. मी ते झाडाला घातलं."

त्याने खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "काहून?"

लाज हा एक शब्द उच्चारायला मला केवढा वेळ लागला. मी भिंतीकडे तोंड केलं. "पाणी प्यायलं की जावं लागतं. गेलं की तुला बोलवावं लागतं. मला लाज वाटते रे. तू डोळे मिटून उभा राहतोस ना, तेव्हा मला मरून जावंसं वाटतं."

तो खाटेच्या कडेला आला. मग खाली बसला, फरशीवर, लहानपणी बसायचा तसा.

"मला सांगायचं ना, आई."

"काय सांगू? सगळं गाव म्हणतं असा मुलगा सात जन्मांत मिळत नाही. मी कोणत्या तोंडाने म्हणू, मला नको तू?"

"मलाही लाज वाटायची," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "पहिल्या दिवसापासून. पण आईचं करायला लाज वाटली तर तो मुलगा कसला, असं वाटायचं. म्हणून डोळे मिटायचो. तुला वाटलं असेल, तुझ्यासाठी मिटतो."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा शिकलेला पोर आणि एवढी खमकी मी. एकाच न्हाणीघरात दोघं शरमेने मरत होतो आणि दोघांनाही ते पुण्य वाटत होतं.

भाग्यश्री दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती रडेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"तुम्ही तिथे का नाही बोलल्या, आई?"

मी पांघरुणाची कड चाचपत राहिले.

"मला इथे सांगून काय उपयोग? मी दिलं होतं, हे मला माहीतच आहे. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुझ्याशी मला बोलायचंच नाही आता."

बरोबर बोलली. मी तिच्या जागी असते तर जग डोक्यात घातला असता.

दुसऱ्या दिवशी माझं करायला ठेवलेली पंचफुलाबाई आली. धिप्पाड, पिकल्या केसांची, शेंदुरजनाकडची. मी लाजून अंग चोरलं तर म्हणाली, "लाजता काय बाई, मी काय पाहुणी आहे का? तुमाले जे, मले तेच." आणि मला बसवून दाराआडून आपल्या शेळीची हकिगत सांगत राहिली, कशी ती शेजाऱ्याचं पंचांग खाऊन गेली. मी हसता हसता मोकळी झाले. बाहेर आल्यावर तिने पेला पुढे केला. मी भरलेला पेला सगळा प्यायले. पाणी घशातून उतरताना इतकं गोड लागलं की डोळे भरून आले.

संघाची पुढची बैठक आली. मी प्रफुल्लला म्हटलं, मला ने. तो म्हणाला, "मी सांगतो लोकांना, आई. तुला कशाला त्रास." मी म्हटलं, तू तुझं सांग, माझं मी सांगीन. भाग्यश्रीही आली, पण दोन खुर्च्या सोडून बसली.

माझ्या हातात माइक दिला तो मी परत दिला. मला लागत नाही. उभं राहता येत नव्हतं, म्हणून बसूनच बोलले. म्हटलं, माझ्या सुनेने मला रोज पाणी दिलं. मी प्यायले नाही. मला मुलाकडून न्हाणीघरात जायची लाज वाटत होती, म्हणून प्यायले नाही. मागच्या वेळी मी इथेच गप्प बसले आणि तिला तुमच्यासमोर मान खाली घालावी लागली. न्हाणीघरापेक्षा मोठी लाज ती आहे. बाकी काही नाही.

पुरुषमंडळी छताकडे बघायला लागली. संघाच्या अध्यक्षांनी उगाच चष्मा पुसला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. प्रफुल्ल उठला. त्याने एकच वाक्य म्हटलं, की मणी तहान वाचतो, दोष वाचत नाही, आणि हा फरक मी शिकवायला हवा होता तो विसरलो. तो खाली बसला तेव्हा भाग्यश्रीने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पाण्याची बाटली मधल्या खुर्चीवर ठेवली.

चहा आला. बायका कुजबुजायला लागल्या, खुर्च्या सरकल्या. मी पंचफुलाबाईला हाक मारणार तेवढ्यात काळमेघबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. त्यांच्या हातात मोबाइल होता. माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाल्या, "नलिनीताई, मलाही मुलगाच न्यायचा हो."

मी त्यांचा हात धरला. मागे प्रफुल्ल उभा होता आणि त्याने ते ऐकलं होतं.

काळमेघबाईंनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. "मला हे दाबता येत नाही रे. परतवाड्याला लावून दे. वैशालीला."